प्लग इंदू करायची

मी आणि माझी बायको इंदू, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका फवारणी पंपाचा प्लग. विंचूरकडचा द्राक्षवाला होता. सकाळी दहाच्या सुमाराला मोटरसायकलला पंप बांधून आला आणि म्हणाला, "मास्तर, दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, पण चालू व्हायचं नाव नाय." मी प्लग खोलला आणि पडद्याआड दिला. इंदूनं चष्मा कपाळावर सारला, प्लग डोळ्याजवळ धरला. म्हणाली, "कच्चा हाय. पेट्रोलात ऑईल जास्त ओततोय हा." मग ब्रशनं घासला, पेट्रोलात बुडवला, पुसला, टोकातली फट म्हणजे गॅप बघितला आणि पंपच आत मागितला. प्लग बोटांनी फिरवत फिरवत बसवला. शेवटी मला म्हणाली, "आता पाना लावा. पाव फेरा. जास्त नको."

मी पाव फेरा दिला. दुसऱ्या ओढीला पंप चालू झाला. द्राक्षवाला खूश. "मास्तर, तुमच्या हाताला गुण हाय," असं म्हणून गेला. मी मान हलवली. इंदू पडद्याआड हात पुसत होती.

त्याच दुपारी ती गेली. ते पुढं सांगतो. आधी ती कशी होती ते सांगतो, कारण हे मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही आणि तिला तेवढंच पाहिजे होतं.

नाशिक रोडला स्टेशनच्या मागच्या बाजूला एका गल्लीत आमचं गॅरेज. पुढं शटर, मध्ये पडदा, मागं आमच्या दोन खोल्या. मूलबाळ झालं नाही. लोक मला प्लगमास्तर म्हणतात. प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू, पण इंजिनातली ठिणगी तिथं पडते. ठिणगी नीट पडली नाही की गाडी झटके देते, पेट्रोल पिते, चढाला दम सोडते. आता प्लग लवकर जात नाहीत. पूर्वीच्या ऑईल पिणाऱ्या स्कूटरींचा प्लग मात्र पंधरा दिवसाला काळा व्हायचा, आणि लांबलांबून लोक आमच्याकडं यायचे. शेजारी चार गॅरेजं असून आमच्याकडं. कारण आमच्याकडून गेलेला प्लग टिकायचा. मास्तर मी. आणि प्लग इंदू करायची.

ती काही शिकलेली नव्हती. मी चौथी, ती तेवढीही नाही. तिच्या माहेरी देवळ्याकडं कांदा. लग्न होऊन आली तेव्हा तिला स्कूटरला मागून बसताही येत नव्हतं. प्लगला तिचा हात लागला तो माझ्या चुकीनं. गॅरेज नवीन होतं. एक गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून "लवकर करा, लवकर करा" करत होतं. इंजिन तापलेलं होतं. मी तशातच प्लग काढला आणि नवीन प्लग थेट पाना लावून आवळला. तो वाकडा लागला होता. मी आणखी जोर केला. कट् असा आवाज आला आणि हेडचे आटे गेले. म्हणजे प्लग जिथं बसतो ती जागाच गेली. गिऱ्हाईकानं माझी आई-बहीण काढली. इंदू चहा घेऊन उभी होती. तो गेल्यावर तिनं विचारलं, "लोणच्याच्या बरणीचं झाकण तुम्ही पक्कड लावून बसवता का?"

मी म्हणालो, "डोकं खाऊ नको."

ती म्हणाली, "झाकण नुसतं ठेवायचं. आधी उलटं फिरवायचं. टक् करून खाली बसतं. मग सुलटं फिरवायचं. वाकडं लागतच नाय."

मी दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाही असं बघून तसं करून पाहिलं. प्लग ठेवला, उलटा फिरवला, टक् झालं, सुलटा फिरवला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. तेव्हापासून आमच्याकडं एकाही हेडचे आटे गेले नाहीत. म्हणजे तिच्या हातून गेले नाहीत. माझ्या हातून नंतर एकदा गेले, ते सांगणारच आहे.

तापल्या इंजिनाला ती हात लावू द्यायची नाही. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी. आतून निरोप यायचा, "चहा पाजा त्यांना." आमच्याकडं लोकांना चहा फार मिळायचा. लोक म्हणायचे मास्तर दिलदार आहे.

पहिलं वर्षभर ती सगळ्यांसमोर बसूनच प्लग घासायची. मग एक वाळूवाला आला. त्याच्या दारात चार ट्रक, स्वतः बुलेटवर फिरायचा. त्यानं तिच्या हातात आपला प्लग बघितला आणि म्हणाला, "आणा इकडं. बायकांच्या हातचं जेवण बरं, काम नको." गाडी ढकलत शेजारच्या गॅरेजात घेऊन गेला. दोन-चार लोक हसले. मी त्याच दिवशी बाजारातून पडद्याचं कापड आणलं. इंदूनं विचारलं, "कशाला?" मी म्हणालो, "धूळ येते." पडदा तिनंच शिवला.

पडद्यामुळं एक अडचण झाली. गिऱ्हाईकासमोर तिला विचारता येईना की हाच प्लग चालेल का नवीन टाकायचा. मग तिनंच ठरवलं. आतून पत्र्याच्या डब्यावर पाना एकदा वाजवला की जुनाच बसवा, दोनदा वाजवला की नवीन. मी गिऱ्हाईकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायचो आणि कान आत. एकदा एकानं विचारलं, "मास्तर, आत काय ठोकतंय सारखं?" मी म्हणालो, "बायको मसाला कुटतीय." आतून तिनं लगेच दहा-बारा वेळा वाजवलं. त्या माणसाला खरंच वाटलं. म्हणाला, "वास नाय आला."

"मी खरंच मसाला कुटला असता तर वास गल्लीभर गेला असता," इंदू मला रात्रीच्या जेवणात म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. त्या काळात तिला पडद्याचं काही वाटत नसावं. मी तसं धरून चाललो.

प्लगच्या रंगावरून ती सगळं ओळखायची. मला ते जन्मात आलं नाही. मला काळा आणि पांढरा एवढंच कळतं. तिचे शब्द भाकरीचे. ओलाकाळा असला तर कच्चा. पांढरा फटक पडला तर करपला, म्हणजे इंजिन फार तापतंय, पेट्रोल कमी पडतंय. बिस्किटासारखा रंग आला तर म्हणायची, "खरपूस हाय, याला हात लावू नका, आहे तसा बसवा." गॅप बघायला गेज होतं, पण तिचा भरवसा करवतीच्या पात्याच्या तुकड्यावर. त्याला तिनं काळा दोरा बांधला होता. प्लगच्या टोकात पातं सरकवायची आणि कान टवकारायची. मी विचारलं, "कानानं काय ऐकतीस?" तर म्हणाली, "नीट गॅप असला की पातं खसकन जातं. ढिला असला की मुकं जातं." मी ऐकून बघितलं. मला काही ऐकू आलं नाही.

नोटा छापायच्या प्रेसमधले एक साहेब यायचे. सरकारी नोकरी, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यांचा प्लग दर आठवड्याला काळा, पण कोरडा काळा, काजळीसारखा. मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, जेट बदलला. पुन्हा तेच. शेवटी इंदू म्हणाली, "कार्बोरेटरला काय दोष देता. ही गाडी पळत नाय. उभी राहून जळती. विचारा त्यांना, कुठं उभे राहता म्हणून."

मी विचारलं. साहेब आधी चिडले. मग इकडं तिकडं बघून हळू बोलायला लागले. त्यांच्या मुलीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं. जेलरोडला राहायची. बोलणं बंद. पण साहेब रोज सकाळी तिच्या घरापासून थोडं अलीकडं थांबायचे. नातू शाळेच्या रिक्षात बसेपर्यंत. गाडी चालूच ठेवायचे, मुलीनं बघितलं तर लगेच निघून जाता यावं म्हणून.

मी आत जाऊन सांगितलं. इंदू प्लग घासत होती, घासतच राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, किल्ली बंद करा आणि दार वाजवा. प्लग आपोआप साफ राहील."

मी बाहेर येऊन तसंच सांगितलं, माझंच म्हणून. महिन्याभरानं पेढे घेऊन आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही नुसते मेकॅनिक नाही." इंदूनं एक पेढा खाल्ला. म्हणाली, "साखर जास्त हाय."

मग आमच्या भागातल्या गॅरेजवाल्यांनी एकदा कार्यक्रम घेतला. जुन्या कारागिरांना शाल आणि नारळ. माझंही नाव होतं. इंदू नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत. माझं नाव पुकारलं तेव्हा बोलणारा म्हणाला, "यांच्या हातचा प्लग म्हणजे वर्षाची निश्चिंती." टाळ्या पडल्या. माझ्या हातात माईक दिला. मला तिसरी रांग दिसत होती. मी म्हणालो, "सगळी देवाची कृपा."

घरी येताना ती अर्ध्या रस्त्यापर्यंत माझ्यापुढं चालत होती. मग म्हणाली, "देवाला बरं दिलंत नाव."

दुसऱ्या दिवशी मी पडद्याआड प्लग दिला. तो तसाच परत आला. वर आतून आवाज आला, "देवाला द्या."

मला वाटलं एक दिवस चालेल. आठ दिवस चाललं. ती स्वयंपाक करायची, भांडी घासायची, शेजारणीशी बोलायची, प्लगला हात लावायची नाही. मी स्वतः करत होतो. तीन गाड्या परत आल्या. चौथ्या गाडीचे आटे गेले. हेड बदलून द्यावं लागलं. त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "काय पाहिजे तुला? पाटीवर नाव घालू?"

"पाटी नको."

"मग शाल घे तू."

"शाल तुमची तुम्ही पांघरा." मग ताटात बघत म्हणाली, "एकदा सांगा. चार माणसांत. प्लग इंदू करती, एवढं म्हणा. बाकी काय नको."

मी म्हणालो, "दसऱ्याला सांगतो."

दसऱ्याला आमच्याकडं अवजारांची पूजा असते. पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. जुनी गिऱ्हाइकं सोनं द्यायला येतात, पेढा खातात. त्या वर्षी इंदूनं आपला ब्रश, गेज आणि ते पातं पहिल्या रांगेत मांडलं. पंधरा-वीस माणसं होती. साहेबही होते. मी उभा राहिलो, म्हणालो, "एक सांगायचं हाय." सगळे माझ्याकडं वळले. इंदू पेढ्यांचं ताट घेऊन पडद्यापाशी उभी होती.

मी म्हणालो, "पेढे घ्या सगळ्यांनी."

लोक गेल्यावर तिनं रिकामं ताट मोरीत ठेवलं. म्हणाली, "पुढच्या वर्षी जास्त आणा. पुरले नाहीत." एवढंच.

पुढच्या वर्षी मी म्हणालो, आता नको, पुढच्या वर्षी. सहा-सात दसरे ती पूजा झाल्यावर माझ्याकडं बघायची. मग तिनं बघणं सोडलं. अवजारं मात्र पहिल्या रांगेतच मांडायची. प्लगचं काम पुन्हा सुरू केलं होतं तिनं, मी शब्द दिला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. मी सांगेन म्हणालो म्हणून.

मी का नाही सांगितलं? गिऱ्हाईक जाईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. वाळूवाल्याचं उदाहरण द्यायचो. ते खरं नाही. पुढं काळ बदलला, पोरी ट्रॅक्टर चालवायला लागल्या, कोण कशाला गेलं असतं. मला मास्तर म्हणवून घ्यायला बरं वाटायचं. त्याच्यामागं दुसरं काही नाही.

हल्ली काम कमी झालं होतं. समोरच्या इमारतीतल्या एकानं बॅटरीची स्कूटर घेतली आणि दाखवायला आणली. इंदू बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं.

"प्लग कुठाय हिला?"

"प्लग नसतो मावशी हिला."

"मग पेटती कशी?"

"पेटत नाही. नुसती फिरते."

"आणि बिघडली की तोंड कुणाचं बघायचं?"

तो हसला. ती हसली नाही. आत जाऊन बसली आणि जुने प्लग चाळत राहिली. एका डब्यात तिनं काही प्लग ठेवलेले होते, निकामी झालेले. कशाला ठेवलेस म्हटलं तर म्हणायची, "ओळखीचे हायेत."

आता तो दिवस. द्राक्षवाला गेल्यावर ती म्हणाली, "हात धुऊन या, वाढते." मी हात धुतले. तिनं ताटं मांडली आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "छातीत भरल्यासारखं होतंय." मी म्हणालो, "पाणी पी." पाणी पिऊन झालं. मग म्हणाली, "डावा हात जड वाटतोय." मी म्हणालो, "ब्रश घासून घासून झाला असेल." मी जेवत होतो. दोन घास खाल्ले आणि बघितलं तर तिचा रंग गेला होता. कपाळावर घाम.

रिक्षा केली. रिक्षात तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. दवाखान्यात आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर आले आणि बोलले. मला शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. मी विचारलं, "घरी कधी न्यायचं?" ते म्हणाले, "आत्ताच न्या बाबा."

चार-साडेचारला देवळ्यालाच दिलेली माझी बहीण शांता आली. गल्लीतल्या बायकांनी इंदूला अंघोळ घातली. नवऱ्याआधी गेली म्हणून हिरवी साडी, हिरवा चुडा. बायका म्हणत होत्या, भाग्याची. मी ओट्यावर पुरुषांत बसलो होतो. शांता बाहेर आली. तिच्या हातात पिळलेलं लिंबू होतं.

"दादा, वहिनीच्या बोटांना हे काळं कशाचं हो? नखांत, कातडीत, सगळीकडं. लिंबू लावलं, साबण लावला. निघत नाय."

गल्लीतले सगळे होते. चार माणसं सोडा, चाळीस होती. सगळे माझ्याकडं बघत होते. इंदू आत होती, पडदा बाजूला केलेला होता.

मी म्हणालो, "तव्याचं असेल."

"तव्याचं? गॅसवर?"

"मग मला काय माहीत."

शांता आत गेली. बायकांनी इंदूच्या हातांना हळद लावली, दोन थर. तिरडीवर ठेवली तेव्हा मी बघितलं. हात छातीवर ठेवलेले. हळद पिवळीधमक आणि तिच्याखाली बोटांची टोकं काळीच. मग वरून कापड ओढलं. दसकच्या घाटावर नेलं. दिवस मावळायच्या आत सगळं झालं.

सकाळी मी ओट्यावर बसलो. शेजाऱ्यांनी खुर्च्या टाकल्या होत्या, गल्लीतली पाच-सहा माणसं येऊन बसली होती. चहा शेजारून आला होता. तेवढ्यात एक माणूस गाडी ढकलत आला. डोक्यावर हेल्मेट, पाठीला डब्याची पिशवी. तो दोन-तीन वेळा येऊन गेलेला होता. त्याला गल्लीतलं काही माहीत नव्हतं.

"मास्तर, बरं झालं भेटलात. झटके देऊन बंदच पडली. प्लग बघा ना पटकन, ड्युटीला जायचंय."

आतून शांता म्हणाली, "दादा, सुतक हाय, सांगा त्यांना."

मी म्हणालो, "प्लग मला जमत नाय."

तो हसला. "चेष्टा करता का मास्तर? अख्खं नाशिक रोड तुमच्याकडं..."

"प्लग माझी बायको करायची. इंदू. पहिल्यापासून तीच करायची. मी पाना आवळायचो. ती काल गेली."

मी मोठ्यानं बोललो असेन. खुर्च्यांवरची माणसं माझ्याकडं बघायला लागली. शांता दारात येऊन उभी राहिली. एकजण खाकरला.

त्या माणसानं हेल्मेट काढलं. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. काय माहीत नव्हतं ते मी विचारलं नाही. त्यानं घड्याळाकडं बघितलं.

"मग आता प्लग कोण करणार?"

"कोणी नाय. चौकात गॅरेज हाय, तिथं जा."

त्यानं हेल्मेट आरशाला अडकवलं आणि गाडी वळवली. गाडी जड होती आणि पुढं चढ होता. मी ओट्यावरून खाली उतरलो.

"दादा, कुठं निघाला? आज बाहेर जायचं नाय," शांता म्हणाली.

मी मागून सीटला हात लावला आणि चौकापर्यंत गाडी ढकलली.